मत बदलायची सोय

नाशिकात बंगला बांधायला काढला की लोक ठरलेले प्रश्न विचारतात. मुरूम किती फुटांवर लागला? दार पूर्वेला आहे ना? ठेका नुसत्या मजुरीचा दिला की मालासकट? भिंत कशाची बांधणार, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नाही. भिंत विटेची असते. फार तर लाल की राखेची, एवढाच वाद.

आमच्याकडे हा प्रश्न आला तो मेलबर्नहून. माझी मावसबहीण तिकडे घर बांधत होती आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकत होती. आधी काँक्रीटचा ओटा, मग त्यावर स्टीलच्या पातळ पट्ट्यांचा पिंजरा, मग छप्पर, आणि छप्पर चढल्यावर बाहेरून विटा. माझे सासरे, म्हणजे आप्पा, चष्मा कपाळावर ढकलून ते फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. "अगं, छप्पर झालं आणि भिंतींचा पत्ता नाही?" त्या विटा घराचा भार अजिबात उचलत नाहीत हे कळल्यावर तर त्यांना ती उघड फसवणूकच वाटली. तिकडच्या बऱ्याच घरांची पद्धत तीच आहे. भार लाकडाच्या नाहीतर स्टीलच्या सांगाड्यावर, आणि बाहेरून एकेरी विटांचा थर, मधे थोडी पोकळी सोडून, अंगावर शाल घेतल्यासारखा.

मी आप्पांना म्हटलं, आपला वाडा तरी दुसरं काय होता? जुन्या नाशकातल्या वाड्यांत बाहेरच्या भिंती हातभर जाड असत, पण आतले मजले उभे असत सागवानी खांब आणि तुळयांवर. खांबाला खांब, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि मधल्या जागेत वीट आणि माती. घर केवढं, हे सांगायचं तर लोक खण मोजायचे, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. भिंती मोजत नव्हते. दर पावसाळ्यात भद्रकाली नाहीतर पंचवटीत वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते, तेव्हा फोटोत बघा: विटा रस्त्यावर आलेल्या असतात आणि सांगाडा बऱ्याचदा वाकडातिकडा का होईना, उभा असतो. सांगाड्याचाही घात होतो तो लाकडाची टोकं भिंतीत पाणी पिऊन कुजतात म्हणून, नाहीतर वाळवीमुळे. स्टीलला वाळवी लागत नाही. हे ऐकून आप्पा गप्प बसले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

आणि आज आपण ज्याला विटेचं घर म्हणतो तेही विटेवर उभं नसतं. कॉलम, बीम, स्लॅब, सगळं आरसीसी. त्याच्या पोटात जालन्याकडून आलेली सळई. विटा मधल्या चौकटी भरायला. घरमालक मोठ्या अभिमानाने "नऊ इंची भिंत आहे आपली" म्हणतो, पण ती नऊ इंची भिंत बहुतेक ठिकाणी स्वतःचंच वजन पेलत असते. म्हणजे वीट की स्टील, हा प्रश्नच जरा ढिला आहे. स्टील सगळ्यांकडेच असतं. ते काँक्रीटमध्ये पुरायचं, की बोर्डांच्या मागे उभं करायचं, एवढंच. तिसरा मार्ग खऱ्या लोडबेअरिंगचा, विटेच्या भिंतीलाच भार द्यायचा. एकमजली-दुमजली घराला तो आजही चालतो, पण आता आर्किटेक्टला तसं सांगितलं तर तो आपल्याकडे पाहुण्यासारखं बघतो.

हलक्या स्टीलचा सांगाडा म्हणजे नेमकं काय, हे बघायला आम्ही अंबडला एका फॅब्रिकेटरकडे गेलो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे नाशिकला लोखंडाची कामं करणाऱ्यांची वाण नाही. द्राक्षांचं पॅकहाऊस, कांदाचाळ, पोल्ट्रीची शेड, सगळं इथलेच लोक उभं करतात. पण शेडचं काम अँगल-चॅनेल आणि वेल्डिंगचं, आणि हे काम निराळं. गॅल्वनाइज्ड पत्र्याची गुंडाळी मशीनमध्ये एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या बाहेर पडतात, हव्या त्या लांबीला कापलेल्या. पत्र्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक पट्टीवर शाईने नंबर छापलेला, स्क्रूच्या जागी खळगा, वायर आणि पाइप जायला आधीच पाडलेली भोकं. नऊ-दहा फुटांची पट्टी मी एका हाताने उचलली. अशा उभ्या पट्ट्या चाळीस नाहीतर साठ सेंटिमीटरवर लावायच्या, स्क्रूने जोडायच्या, बाहेरून फायबर सिमेंटचा बोर्ड, आतून जिप्सम बोर्ड, आणि पोटात रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. वेल्डिंग नाही, पाणी मारणं नाही, सेंट्रिंग नाही. घरचा पिंजरा आठवड्याभरात उभा करून देतो म्हणाले, आणि ते मला खोटं वाटलं नाही. देशात हे अगदी नवंही नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत नव्या तंत्राच्या घरांचे जे प्रकल्प सुरू केले, त्यातला अगरताळ्याचा प्रकल्प हलक्या स्टीलच्याच पद्धतीचा आहे.

त्यांच्या ऑफिसात नमुन्याची एक खोली केलेली होती. आप्पांनी आत जाताच पहिलं काय केलं, तर मधलं बोट वाकवून भिंतीवर टकटक केली. मग दोन पावलं सरकून पुन्हा. पट्टीवर बोट पडलं की आवाज घट्ट, दोन पट्ट्यांच्या मधे पडलं की ढब्ब. "पोकळ आहे," ते म्हणाले, फार मोठ्याने नाही, पण फॅब्रिकेटरला ऐकू जाईल इतपत. त्या माणसाला याची सवय असावी. तो हसून म्हणाला, "आप्पा, पोकळ नाही, भरलेली आहे. आत लोकर आहे."

आप्पांचा पुढचा प्रश्न मात्र त्याला अपेक्षित नव्हता. "झोपाळा कुठे टांगायचा?"

वाड्यात झोपाळा तुळईला होता. चार कड्या, पितळी साखळ्या, शिसवी पाट. त्यावर एका वेळी तीन माणसं आणि एक पोर बसत असे. आरसीसीच्या घरात स्लॅब भरताना हूक टाकून ठेवला की काम झालं, आणि विसरलात तरी नंतर अँकर मारून सोय लावता येते. स्टीलच्या घरात झोपाळा टांगता येत नाही असं अजिबात नाही. पण तो कुठे, किती भाराचा, कोणत्या दिशेने झुलणार, हे ड्रॉइंग करतानाच सांगावं लागतं. मग त्या जागी दुहेरी पट्टी येते. हेच गिझरचं, हेच स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीचं, हेच देवघराचं आणि टीव्हीचं. जिप्समला फोटोची चौकट पेलते, पण पितळी डब्यांची मांडणी पेलायला मागे प्लायवूड नाहीतर पट्टी हवी. आणि ती कुठे हवी, हे पिंजरा कापायच्या आधी ठरलेलं हवं.

इथे मला या सगळ्या प्रश्नाची खरी मेख सापडली. किंमत नाही, मजबुती नाही. आमच्या घरात आजवर एकही गोष्ट आधी ठरलेली नाही. आमच्याच कशाला, माझ्या ओळखीतल्या एकाही घरात नाही. घर कागदावर एक असतं आणि साइटवर दुसरंच होतं. भिंत कंबरेपर्यंत आली की सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, "अहो मिस्त्री, ही खिडकी जरा इकडे घेतली तर? तुळस दिसेल ओट्यावरून." मिस्त्री तंबाखू मळत म्हणतात, "घेऊ की. वीट काय, आज काढली उद्या लावली." लाइनदोरी सरकते, विटांचे चार थर उतरतात, खिडकी दोन फूट सरकते. कुणाला त्याचं काही वाटत नाही. वीटबांधकामाची ही सगळ्यात मोठी श्रीमंती आहे आणि ती कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही: मत बदलायची सोय. स्टीलवाला तशी सोय देतो, पण ड्रॉइंगवर सही होईपर्यंतच. त्यानंतर खिडकी सरकवायची म्हणजे पट्ट्या नव्या, नंबर नवे, बिल नवं.

यात स्टीलवाल्याची काही चूक नाही. खरं तर त्याचीच पद्धत शहाणपणाची. पण ती ज्या घराला झेपेल त्या घराला.

मिस्त्रींबरोबर वीट बघायला गेलो तो प्रकार याच्या बरोबर उलट होता. तिथे कागद नव्हताच. मिस्त्रींनी ढिगातून दोन विटा उचलल्या, एकमेकींवर आपटल्या आणि कान दिला. टण् असा धातूसारखा आवाज आला की वीट पक्की भाजलेली. थप्प आला की कच्ची. मग एक वीट छातीएवढ्या उंचीवरून मातीवर टाकली. मग नखाने ओरखडा काढून बघितला. नख उमटलं नाही. राहिलेली परीक्षा पाण्याची: रात्रभर बुडवून ठेवायची आणि सकाळी वजन करायचं. नेहमीच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. मिस्त्रींनी मानक वाचलेलं नाही, पण जास्त पाणी पिणारी वीट ते ट्रकवरूनच परत पाठवतात. आप्पा खूश. भिंतीवर बोट वाजवून बघणाऱ्या माणसाला दोन विटा वाजवून बघणारा माणूस भेटला होता.

राखेच्या विटेला आप्पांचा विरोध होता आणि आहे. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ, त्यामुळे नाशिकला राखेची वीट फार दिवसांपासून चालते. आकार सारखा, कडा सरळ, प्लास्टर कमी लागतं. लाल वीट मात्र एकाच भट्टीतली असली तरी दोन सारख्या नसतात. मला राखेची वीट दिसायला आवडत नाही, पण नदीकाठची गाळाची माती खरवडून भाजण्यापेक्षा ती बरी, एवढं मला पटतं. वापरताना एक फरक असतो तो लक्षात ठेवावा लागतो. लाल वीट लावण्याआधी पाण्यात भिजवतात, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेते. राखेच्या विटेवर नुसता शिडकावा पुरतो. जुना गवंडी सवयीने तीही हौदात बुडवतो आणि मग भिंतीला बारीक चिरा पडतात.

मजबुतीचा हिशेब आर्किटेक्टने मांडला तेव्हा काही समजुती उलट्या निघाल्या. भूकंपाच्या नकाशात नाशिक तिसऱ्या झोनमध्ये धरलेलं आहे. भूकंपाचा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, म्हणजे घर जड तर मार मोठा. नऊ इंची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या घरात जाते, आणि स्टील-बोर्डची भिंत तिच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात बसते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या, छपरांखाली. तेव्हा जाड म्हणजे मजबूत, हे समीकरण तिथे पार फसलं होतं. भूकंपात हलकं घर बरं. पण वाऱ्याला तेच उलटं. नाशिकसाठी डिझाइनला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. जड घराला वारा काही करत नाही. हलक्या घराला तो उचलू बघतो, म्हणून ते पायाला बोल्टने जखडावं लागतं.

पायाचंही तसंच. "हलकं घर म्हणजे स्वस्त पाया" हे स्टीलवाल्यांचं आवडतं वाक्य, आणि मुरमावर किंवा खडकावर ते खरं आहे. आमचा प्लॉट मखमलाबादच्या अंगाला, वर चांगली चार फूट काळी माती. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच फुगून वर येते. फुगणारी काळी माती हलक्या घराला जास्त सहज उचलते. म्हणजे वर काहीही बांधा, माती काढून मुरमापर्यंत जावंच लागणार. तिथे पैसे वाचत नाहीत.

उन्हाचं गणित मात्र मी स्वतः समजून घेतलं, कारण पश्चिमेच्या खोलीत झोपणार मी. नाशिकची हवा अशी की मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री दहानंतर गंगापूर धरणाकडून वारा सुटला की पांघरूण घ्यावंसं वाटतं. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. दिवसभर माणसं वावरतात त्या खोल्यांना हे वरदान. दुपारी स्वयंपाकघर थंड राहतं. पण पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीन-चारला पडलेलं ऊन आत कधी पोचणार, तर रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकं झोपायच्या वेळी. बाहेर गार वारा आणि भिंतीला हात लावावा तर कोमट. वाड्यात लोक उन्हाळ्यात चौकात नाहीतर गच्चीवर का झोपायचे, याचं हेही एक कारण असणार. रॉकवूल भरलेली हलकी भिंत उष्णता साठवतच नाही. रात्री खिडक्या उघडल्या की खोली अर्ध्या तासात बाहेरच्या हवेला येते. त्यात फट एकच. स्टील विटेपेक्षा पन्नासपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, तेव्हा लोकर नुसती पट्ट्यांच्या मधे भरून भागत नाही. बाहेरून पट्ट्या झाकणारा एक सलग थर हवा. कोटेशनमधून पहिली कात्री त्यालाच लागते, म्हणून तो लिहून घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत मी विटेकडून आहे. जुन्या नाशिकच्या माणसाला पूर सांगावा लागत नाही. १९६९ चा आप्पांनी बघितला, २००८ चा आम्ही. सराफ बाजारातल्या दुकानदारांना विचारा, पाणी ओसरल्यावर विटेची भिंत धुतली, महिना-दोन महिने वाळू दिली, पुन्हा रंग मारला, झालं. जिप्सम बोर्ड एकदा तुडुंब भिजला की काढूनच टाकावा लागतो. मखमलाबादच्या प्लॉटवर गोदावरी येणार नाही, पण पुराएवढं पाणी लागतच नाही. बाथरूममधला गळका सांधा पुरतो. विटेच्या भिंतीवर ओल आली की डाग दिसतो, आपण आरडाओरडा करतो. बोर्डाच्या भिंतीत ती पोटातल्या पोटात पसरते.

पैशांचं थोडक्यात सांगते. आम्हाला मिळालेल्या अंदाजांत स्टील चौरस फुटाला थोडं वरचढ होतं, पण वेळ कमी. त्यात २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे गवंडी आणि सेंट्रिंगवाले मिळायची मारामार, आणि वाळूचं तर काय विचारता. गिरणा नदीची म्हणून दर लावतात आणि गाडीत निघते क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. एका बँकेच्या इंजिनिअरच्या फॉर्मवर आरसीसी, लोडबेअरिंग आणि शेड असे तीनच रकाने होते. आमचं घर तो शेडमध्ये टाकायला निघाला, तेव्हा आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो.

शेवटी ठरलं ते असं. खालचा मजला विटेचा: स्वयंपाकघर, बैठक, आप्पा-सासूबाईंची खोली, दोन्ही बाथरूम. भिंती नऊ इंची, आरसीसीचे पट्टे घालून, वर स्लॅब. स्लॅबमध्ये झोपाळ्याचे हूक. खाली सासूबाईंनी हव्या तितक्या खिडक्या सरकवाव्यात. वरचा मजला, म्हणजे आमची आणि मुलांची झोपायची खोली आणि एक अभ्यासिका, हलक्या स्टीलचा. तिथे पाण्याचं काम नाही, रात्री लवकर गार होणार, आणि वजन कमी म्हणून खालच्या भिंतींवर भार कमी. वरच्या मजल्याचा प्रत्येक खिळा मी आणि नवऱ्याने दोन रविवार भांडून ड्रॉइंगवर मांडला. मुलाच्या खोलीत पुलअपचा बार कुठे लागेल, हे त्याला आजच ठरवायला लावलं. तो वैतागला, पण ठरवलं.

खालचा मजला मिस्त्रींचा आणि वरचा अंबडवाल्यांचा, तेव्हा दोघांची साइटवर गाठ घालून दिली. विषय होता पिंजरा स्लॅबला जखडणाऱ्या बोल्टांचा. फॅब्रिकेटर म्हणाला, स्लॅब भरतानाच बोल्ट टाका, फक्त जागा दोन मिलिमीटरच्या पुढे हलता कामा नये. मिस्त्रींनी खिशातून टेप काढला, उघडला, दोन मिलिमीटर म्हणजे केवढं ते बघितलं आणि पुन्हा मिटला.

"आमच्यात सूतभर इकडंतिकडं चालतं."

"आमच्यात नाही चालत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. भांडण तेवढ्यासाठी होतं, पण अर्धा तास चाललं. शेवटी स्लॅब वाळल्यावर ड्रिलने भोकं पाडून त्यात केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने पक्के चिकटणारे बोल्ट, बसवायचे ठरले. बोल्टमागे खर्च वाढतो, पण भोकं अंबडवालेच पाडणार, आणि मिस्त्रींचा स्लॅब मिस्त्रींच्या सुताने होणार.